उचलून मोजलेला गहू

अर्धी वाट सरली तरी थोरली जाऊ तोंड उघडेना. धाकटी दोघींचे डबे सांभाळत मागून चालत होती. एरवी संशोधन केंद्रापर्यंतची ही तासाभराची चाल थोरलीच्या थट्टेत कधी संपायची, कळायचंही नाही.

थोरली एकोणीस वर्षं केंद्रात गव्हाची उंची काठीने मोजत आली होती. धाकटी तिथल्याच कचेरीत कागद लिहायची. यंदा ड्रोन आला. वरून फोटो काढून अख्ख्या शेताची उंची तासाभरात सांगायचा. "आता पाय चेपायचं माझं काम वाचलं," असं थोरलीच्या नवऱ्याने तिला चिडवलंही होतं. पण नऊ नंबरच्या वाणाची उंची ड्रोन थोरलीच्या आकड्यापेक्षा वीतभर कमी दाखवत होता. यंत्र चुकेल, काकू चुकायच्या नाहीत, असं केंद्राच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉक्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. थोरलीच्या आकड्यांवर आज अकराच्या बैठकीत तो वाण बियाण्यासाठी पुढे जाणार होता.

केंद्राच्या कुंपणाआत शिरल्यावर थोरली कचेरीकडे न वळता नऊ नंबरच्या वाफ्यापाशी गेली. गहू एका अंगाला लोळला होता. तिने गव्हाचं एक ताट हळूच उचलून सरळ धरलं, शेजारी काठी लावली.

"नऊ नंबर मी असा मोजते. आला तेव्हापासून, तीन वर्षं."

जुन्या साहेबांनीच तसं शिकवलं होतं. पीक किती लोळलं, याची नोंद तेव्हा दुसरा माणूस ठेवायचा. नऊ नंबर यायच्या आधीच तो निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही, आणि थोरलीचा हात आपला उचलतच राहिला. कागदावर नऊ नंबर ताठ उभा होता.

धाकटीने घड्याळ पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते. कुणी विचारलंय का तुम्हाला, असं ती पुटपुटली. एकोणीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत जाईल, हेही बोलली.

"जाऊ दे. पेरणाऱ्याच्या शेतात कोण उचलून धरणार आहे?"

धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. थोरलीने बांधावर बसकण मारली. काठी बाजूला ठेवली.

"बैठकीत द्यायला कागद काढ," ती म्हणाली. "मी सांगते तसंच लिही. आणि मला सांभाळून घ्यायला पदरचा एक शब्दही घालू नकोस."