वाडीवर येणारी गाडी

तुळसा शिगवणला राग यायला निमित्त लागत नाही, असं वाडीतले लोक म्हणत. ते खोटं होतं. निमित्त दर वेळी असायचं, ते बाकीच्यांना दिसायचं नाही एवढंच.

लोटे गावातल्या कारखान्यांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत शिगवणवाडी आहे. खाली हायवेचा फाटा आणि फाट्यापासून वाडीपर्यंत चढत येणारी जांभ्या दगडाची जुनी पाखाडी. त्या पायऱ्यांवरून तुळसा लग्न होऊन आली. त्याच पायऱ्या उतरून तिचा नवरा दत्ताराम कंपनीत कामाला जायचा आणि पाळी संपली की चढून घरी यायचा. आल्यावर पेज पिऊन पुन्हा शेतात. कंपनीतही त्याला बसायला सवड नसे. व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे, पोती उचलायची, टाकीच्या शिड्या चढायच्या. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन तो बांधावरून पळत सुटायचा.

मग वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला. दत्ताराम तेव्हा कामगारांचा पुढारी होता. कंपनीची बस फाट्यावर न थांबता वर वाडीपर्यंत आली पाहिजे, यासाठी त्याने कंपनीच्या गेटवर माणसं बसवली, साहेबांना घेराव घातला आणि बस आणलीच. पहिल्या दिवशी बसला झेंडूचा हार घातला होता आणि दत्तारामच्या गळ्यात दुसरा. तुळसाने स्वतः नारळ फोडला होता.

बस आली आणि पाखाडीवर गवत वाढलं. कंपनीत कॉम्प्युटर आले. दत्ताराम आता एसीच्या खोलीत खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचा. नाश्त्याला कॅन्टीनमध्ये कधी बटाटावडा, कधी पुरीभाजी, ओव्हरटाइमला फरसाणाचं पाकीट, आणि दर थोड्या वेळाने मशीनचा गोड चहा. शेत डुकरांनी आणि माकडांनी खाल्लं म्हणून सोडून दिलं. घरी आला की टीव्हीसमोर आडवा. नाचणीची भाकरी पुढे ठेवली तर म्हणायचा, "कंपनीत पगार घेतो मी, आता तरी गरिबाचं जेवण नको." पोट पुढे आलं तसं लोक म्हणायला लागले, "दत्ताराम सुधारला."

तो शब्द ऐकला की तुळसाच्या डोक्यात तिडीक जायची.

सुधारलेल्या दत्तारामला साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की लाडू खाल्लेला चालतो, असा त्याने स्वतःच शोध लावला. मागच्या गणपतीच्या आधी नव्या बुटाने पायाला जखम झाली. त्याला ती जाणवलीच नाही, कारण पायाला कळणंच बंद झालं होतं. तुळसाला वास आला तेव्हा बोट काळं पडलं होतं. चिपळूणला नेऊन ते कापावं लागलं.

गणपतीला मुंबईहून आलेली माणसं त्याला बघायला आली. कोणी क्रीमची बिस्किटं आणली, कोणी फळांच्या रसाचे डबे, कोणी पेढे. दत्ताराम खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होता, "एक बोट गेलं तं काय, अजून नऊ हायत." माणसं हसत होती. एकाने पेढा त्याच्या तोंडाशी नेला.

तुळसाने तो हात मनगटात धरला.

"त्याचं बोट कापलंनी डाक्टरने," ती म्हणाली. "तू काय पाय कापायला आलास?"

"वयनी, सणाचा एक पेढा."

"एक तुझा, एक त्याचा, एक तिचा. उचला सगळं. माज्या घरात ठेवायचं नाय."

माणसं पिशव्या उचलून गेली. दत्ताराम त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पाव्हण्यांसमोर तिने त्याला मान खाली घालायला लावली, असं त्याला वाटलं. तुळसाला वाटलं, मान तरी जाग्यावर आहे.

दिवाळी झाल्यावर कंपनीने देवळाच्या मांडवात आरोग्य शिबिर भरवलं. विनीत नावाचे कंपनीचे साहेब आले होते, सोबत डॉक्टरीण आणि दोन नर्सबाया. मोठा फलक होता, त्यावर हसणारं कुटुंब पळताना दाखवलं होतं. तुळसाने मुलाला, स्वरूपला, जबरदस्तीने आणलं. स्वरूप पंचविशीचा, त्याच कंपनीत कंत्राटावर लागलेला. शाळेत असताना कबड्डीत त्याला कोणी धरू शकत नसे. आता शर्टाची खालची बटणं ओढून लावावी लागत होती. सुट्टीच्या दिवशी मोबाईल आणि वेफर्स घेऊन तो पडवीत पडून असायचा.

नर्सने त्याच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा तपासलं.

"घरात कोणाला आहे का?" त्यांनी विचारलं.

"बाबांना," स्वरूप म्हणाला.

"तुमचीही साखर वाढायला लागलीय. रत्नागिरीला जाऊन पूर्ण तपासणी करून घ्या. अजून आपल्या हातात आहे. पण रोज चाला, आणि तळकट, गोड, पाकिटातलं सगळं बंद करा."

तुळसा मागेच उभी होती. दत्तारामची साखर कळली तेव्हा ती चिडली होती. या वेळी ती घाबरली. पंचवीस वर्षांचं पोर. अजून लग्न नाही, अजून काही नाही.

स्वरूप पुढच्या टेबलाशी गेला. तिथे एक मुलगी तपासणी झालेल्यांना खोके देत होती. तुळसाने त्याच्या हातून खोका घेतला आणि उघडला. कचोरी, वेफर्सचं पाकीट, क्रीमची बिस्किटं आणि थंड पेयाची बाटली.

"साहेब," ती म्हणाली, "हे काय?"

विनीतसाहेब हसत आले. "अल्पोपहार, काकी. सकाळपासून उपाशी आहेत ना सगळे."

"माज्या पोराच्या रक्तात साखर झाली, असं ह्या बाय आत्ता बोलल्या. आणि तुमी त्याच्या हातात ही बाटली देता?"

"काकी, हे फक्त आजच्या दिवसापुरतं..."

"आजच्या दिवसापुरतं! कॅन्टीनला रोज वडे कोण तळतो? ओव्हरटायमाला फरसाण कोण वाटतो? आमच्या माणसांना खुर्चीत बसवता, कोंबड्यांसारखं चारता, आणि वर सुया टोचून बघता किती झाली साखर?"

तिने बाटलीचं झाकण काढलं आणि साहेबांच्या बुटांसमोर ती उपडी केली. काळं पाणी फसफसत मांडवाच्या मातीत शिरलं. डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसले.

तुळसाने वळून पाहिलं. हसणाऱ्यांत दत्ताराम नव्हता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. मांडीवर खोका होता आणि तो कचोरी खात होता.

ती घरी गेली. चुलीवर काही ठेवलं नाही. त्या रागाला कुठे न्यावं हे तिला कळेना. कंपनी तिच्या हातातली नव्हती, कॅन्टीन नव्हतं, नवऱ्याचं तोंड तर नव्हतंच. मग तिच्या मनात बस आली.

सकाळी पहिल्या पाळीची बस वळण घेऊन वाडीत शिरली तेव्हा रस्त्यात वरच्या उतारावरून लोटत आणलेला फणसाचा ओंडका आडवा पडला होता आणि त्यावर तुळसा बसली होती. ड्रायव्हर रामाने हॉर्न वाजवला, मग खाली उतरला.

"काकी, काय हे? टाइम होतोय."

"गाडी मागे घे, रामा. फाट्यावर जा. ज्याला कंपनीत जायचं हाय तो पाखाडीने उतरून येईल."

डबे घेऊन माणसं जमली. आधी चेष्टा झाली, मग आरडाओरडा. बायकाही बाहेर आल्या. शेजारची सुंदराबाई तिच्या अंगावर धावून आली. "माजा नवरा आठ तास राबून येतो. त्याने डोंगर चढायचा?"

"कशाने दमतो तो? खुर्ची डोक्यावर घेऊन बसतो काय?"

"तुज्या नवऱ्याचं बोट गेलं म्हणून आमच्यावर सूड काढतेस!"

"त्याचं गेलं ते मी बघितलं. तुज्या नवऱ्याचं जाईल ते तू बघ. तवा माज्याकडे रडत येऊ नको."

दत्ताराम गर्दी सारत पुढे आला. पायात डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट, चेहरा लालबुंद. "ऊठ," तो म्हणाला. "ही गाडी मी आणली. घेराव घालून आणली. पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या तिच्यासाठी!"

"काठ्या खाल्ल्यात तवा पायांवर उभे होतात."

"तुळसा, ऊठ म्हणतो!"

"उचला मला. तुमी एकट्याने उचला. लग्नात पाखाडीवर माजा पाय मुरगळला तवा पाठीवर घेऊन चढला होतात. आता या, उचला."

तो खरंच वाकला. ओंडक्याच्या एका टोकाला हात घातला, जोर लावला, आणि तसाच गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत राहिला. कोणी हसलं नाही. चार जणांनी ओंडका तुळसासकट बाजूला सरकवला. पण तोवर रामा बस मागे घेऊन निघून गेला होता. माणसं मोटारसायकली काढून, एकेका गाडीवर तिघे बसून, तिला शिव्या देत गेली. एकही जण पाखाडीने गेला नाही.

संध्याकाळी गावकी बसली. बस वाडीत येणार, आणि पुन्हा कोणी अडवली तर त्या घराशी वाडी बोलणार नाही, असं ठरलं. तुळसा मान ताठ ठेवून बसली होती. "नका बोलू," ती म्हणाली. "बोलून तरी कुठे काय कोणाच्या डोक्यात शिरतंय."

दुसऱ्या दिवशी बस आली. दत्ताराम चढला, स्वरूपही चढला. तुळसाने पडवीतून बघितलं आणि झाडू इतक्या जोराने आपटला की त्याचे हीर सुटले.

संध्याकाळी स्वरूप बसने आला, दत्ताराम आला नाही. विचारलं तर स्वरूप नजर चुकवून म्हणाला, "ते फाट्यावर उतरले, आये."

अंधार पडायच्या सुमारास दत्ताराम पाखाडीच्या वरच्या पायरीवर दिसला. घामाने भिजला होता, सदऱ्याला कुसळं चिकटली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तुज्यासाठी नाय उतरलो," तो धापा टाकत म्हणाला. "बसमध्ये तुजी नक्कल करत होते. ओंडक्यावर बसून कसं बोललीस ते. माज्या तोंडावर. त्या गाडीत मी परत चढायचा नाय."

"नका चढू," ती म्हणाली. "बूट काढा, पाय बघू द्या."

त्याने पाय पुढे केला, पण तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती रोज त्याचे तळवे तपासायची आणि दोघं एकमेकांशी न बोलता हे काम उरकायची. तो रोज चालला. तिच्यावरचा राग, वाडीवरचा राग, बसमधल्या हशाचा राग, सगळा घेऊन पायऱ्या चढला. डबा घरून न्यायला लागला, तेही कॅन्टीनमध्ये त्या लोकांसोबत बसायचं नव्हतं म्हणून. थंडी सरेपर्यंत त्याच्या गोळ्या कमी झाल्या. तुळसाला आनंद झाला असेल, पण तिने दाखवला नाही. स्वरूप अजून बसनेच जात होता. रत्नागिरीची तपासणी तो आज-उद्यावर ढकलत होता. त्याच्या उशीखाली तिला वेफर्सची रिकामी पाकिटं सापडत. तीच पाकिटं ती त्याच्या ताटात वाढायची.

"आये, पुरे आता," तो ओरडायचा. "माजं मी बघीन."

"बापानेपण हेच सांगितलंन होतं."

शिमग्याला ग्रामदेवीची पालखी वाडीत आली. पालखी खांद्यावर घेऊन नाचवायचा मान तरण्या पोरांचा. शिगवणांच्या अंगणातल्या खळ्यात ढोल घुमायला लागला, स्वरूपने खांदा दिला. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात त्याचा चेहरा पांढरा पडला. पाय अडखळले, पालखी एका बाजूला कलली. दत्तारामने धावत जाऊन दांड्याखाली आपला खांदा घातला. पालखी सावरली, ढोल पुन्हा सुरू झाला. स्वरूप दगडी गडग्याशी जाऊन बसला. तोंड उघडं टाकून हवा ओढत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. चार पोरं त्याच्याकडे बघून काहीतरी कुजबुजली.

तुळसा त्याच्याजवळ गेली. इतक्या महिन्यांचं बोलणं तिच्या जिभेवर होतं, पण तोच आधी बोलला.

"बोलू नको काय. देवीची पालखी माज्या हातून पडली असती. मला माजीच चीड आलीय."

तिने नुसतं पदराने त्याचं कपाळ पुसलं. त्याने तिचा हात झटकला.

शिमगा संपल्यावर पहिल्या दिवशी स्वरूप बापाच्या मागोमाग पाखाडी उतरला. त्या आठवड्यात तो रत्नागिरीलाही जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलास. तरी तो रोज चालतो असं नाही. कंटाळा आला की बस पकडतो, आणि त्या दिवशी घरात भांडण होतं. सुंदराबाईचा नवराही अधूनमधून पाखाडीवर दिसतो. सुंदराबाई मात्र अजून तुळसाशी बोलत नाही.

कंपनीने पुढच्या शिबिराचा फलक देवळाला लावला, तेव्हा तुळसाने रस्त्यात विनीतसाहेबांची गाडी थांबवली. साहेबांनी काच खाली केली आणि ते घाईघाईने म्हणाले, "काकी, या वेळी केळी आणि उकडलेले चणे ठेवलेत."

"आणि कॅन्टीनला?"

साहेबांनी काच वर करायला घेतली.

"कॅन्टीनला रोज वडेच, मग माज्या पोराला साखरेचं काय विचारता?" ती म्हणाली. ती गाडीपुढून हलेपर्यंत मागे दोन टेम्पो हॉर्न वाजवत उभे राहिले.