ढाळ कुणीकडे

आमच्या दारापुढचा कोबा आबांनी स्वतःच्या हाताने केला होता आणि करणाऱ्याचा स्वभाव त्यात पुरता उतरला होता. घर बांधून उरलेली वाळू, खडी, सिमेंट एका दुपारी कालवून त्यांनी फाटकापासून उंबऱ्यापर्यंत ओतलं, फावड्याच्या पाठीने थापटलं आणि हात धुतले. माल ओला असतानाच शेजारची शेळी फाटकातून आत येऊन गेली. तिच्या खुरांचे ठसे कायमचे राहिले. मधोमध एक टेंगूळ होतं आणि त्याच्यापुढे जमीन चढत चढत उंबऱ्याला भिडायची. वर आलेली खडी अनवाणी पायाला टोचायची. आई होती तोवर रोज झाडताना ती कोब्याला आणि कोबा करणाऱ्याला एका दमात शिव्या द्यायची.

आई गेल्यावर राणीसावरगावच्या घरात आम्ही दोघंच, आबा आणि मी. मी जवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मला वाकडंतिकडं खपत नाही. वहीतली समासाची रेघ वाकडी गेली तर मी पोरांना अख्खं पान पुन्हा लिहायला लावते, आणि त्याबद्दल पोरांच्या आया मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्या कोब्यावरून रोज स्कूटी ढकलताना माझं डोकं फिरायचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, हा कोबा सपाट करून घ्यायचाच. आबांना सांगितलं तेही आव आणून, जणू त्यांच्याच काळजीपोटी.

"ठेचकाळून पडाल एखाद्या दिवशी," मी म्हणाले.

"एवढ्या वर्सात पडलो का म्या?"

मिस्त्रीला निरोप आधीच गेला होता.

गंगाखेडहून मिस्त्री आला. जुन्या कोब्यावर नवा माल नुसता ओतला तर तो धरत नाही, म्हणून आधी त्याने छिन्नीने जागोजागी टाचे मारले, उंचवटे फोडले. आबा दारात बाज टाकून ऐकत बसले होते. टेंगूळ फोडायला घेतलं तेव्हा ते उठून आत गेले. मला वाटलं, धूळ सहन होत नसेल.

मग मिस्त्रीने विचारलं, "ताई, ढाळ कुनीकडं देऊ?"

पाणी वाहून जायला जमिनीला थोडा उतार लागतोच. आमच्या कोब्याचा ढाळ दारापासून फाटकाकडे होता, त्यामुळे सडा टाकला तरी रस्त्यावर चिखल व्हायचा आणि शेजाऱ्यांचं तोंड सुटायचं. फाटकातून आत येताना डावीकडे मात्र नाली होती, कामाची. मी बोलायच्या आत घरातून आबांचा आवाज आला.

"ढाळ फाटकाकडंच ऱ्हाऊ दे. हाय तसा."

"आबा, नालीकडं दिला की रस्त्यावरची कटकट मिटते."

"फाटकाकडंच बरा हाय, माय."

मला ते माय म्हणायचे ते फारच काही दुखलंखुपलं तर. एरवी हुकूम असायचा, पाणी आण, पेपर वाच, बस खाली. हे मी त्या दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हाताने नालीकडे दाखवलं.

"दोनच बोटं देतो," तो म्हणाला. "पायाला कळनार बी न्हाई."

त्याने काम मात्र मन लावून केलं. पट्टी ओढली, सिमेंटचं पाणी फिरवलं आणि थापीने असं घोटलं की माझ्या वर्गाच्या फळ्यालाही लाज वाटावी. कडेने मातीची आळी घालून मी आठवडाभर पाणी साठवून ठेवलं. ये-जा मागच्या दाराने. आबा त्या आठवड्यात बाहेर पडलेच नाहीत. त्यांचे शेजारचे एक दोस्त रोज सकाळी त्यांना चहाच्या हॉटेलात न्यायला येत, ते आतच येऊन बसू लागले. आबा आणि ते, दोघे म्हातारे रस्त्याने एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायचे. मी त्यांना चिडवायचे, शाळेतली पोरंसुद्धा एवढी गळ्यात गळे घालत नाहीत म्हणून. दोघे नुसते हसायचे.

आठव्या दिवशी मी आळी काढली, कोबा धुतला. दोस्त आले आणि आबांना घेऊन गेले. मी उघड्या दारात उंबऱ्यापाशी मेथी निवडत बसले. मनातून खूश होते. तासाभराने दोस्तांनी त्यांना नेहमीसारखं फाटकात सोडलं आणि ते आपल्या घरी वळले. आबांनी चपला फाटकाशी काढल्या. ती त्यांची जुनी सवय होती, देवळात शिरावं तशी.

ते अनवाणी आत आले आणि थांबले. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर हळूहळू फिरवला, जिथे शेळीच्या खुरांचे ठसे असायचे तिथे. मग चालायला लागले, पण सरळ नाही. पाय ठेवायचा, अंदाज घ्यायचा, पुढचा टाकायचा. ते उजवीकडे सरकत होते. मला वाटलं, दाराशेजारच्या कोठीच्या भिंतीला माल उडालाय का ते बघायला निघालेत. भिंतीपाशी जाऊन त्यांनी उंबरा ओलांडायला पाय उचलला. पाय भिंतीवर आपटला. त्यांनी दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, वरखाली फिरवले.

"दार का लावलंस, माय?" ते म्हणाले.

दार सताड उघडं होतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर, त्या दारातच बसले होते.

पाणी ज्या दिशेने उतरतं तिच्या उलट चढत गेलं की घर येतं, एवढ्या एका खुणेवर ते किती दिवस घरी येत होते कोण जाणे. खुरांचे ठसे म्हणजे फाटक, टेंगूळ म्हणजे अर्धी वाट, चढ म्हणजे दार. मी ढाळ फिरवला आणि चढाने त्यांना इमानदारीने भिंतीवर नेऊन उभं केलं. वर्गात कुठल्या पोराला फळ्यावरचं दिसत नाही ते मी दोन दिवसांत ओळखते, आईबापांना बोलावून चार शब्द सुनावते. घरात रोज पेपर वाचून दाखवत होते आणि चष्म्याचा नंबर वाढलाय यावर विश्वास ठेवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. परभणीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. आबांना ते आधीच माहीत होतं. फक्त मला कळू द्यायचं नव्हतं.

मी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत छिन्नीने खाचांची एक वाट करून घेतली. आबा तिच्यावरून दोन दिवस चालून बघत होते, दर वेळी अर्ध्यात थांबायचे.

"ह्या खाचा तुज्या हायत," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाईत."

मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर एकटे ते बाहेर पडलेच नाहीत. उन्हाळ्यात दोस्तही लेकाकडे सेलूला राहायला गेले. कोबा अजून गुळगुळीत आहे, पाहुणे आले की वाखाणतात. मी त्या खाचांवरून स्कूटी नेते.

ज्या माणसाने जन्मभर मला काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं, तो आता रोज सकाळी हॉटेलात जायला चपला घालून, काठी मांडीवर घेऊन बाजेवर बसतो आणि विचारतो, "तुला सवड हाय का?" मी आलेच म्हणते आणि डबा भरत राहते. परवा पोळ्यांच्या नादात उशीर झाला. बाहेर आले तर ते तसेच ताठ बसलेले, दाराकडे तोंड करून बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं. ते म्हणाले, "घाई न्हाई, तुजं आवरू दे."