उंबऱ्याजवळचा खल

मी आयुष्यात किल्ल्यावरच्या एकाही गाईडचं ऐकून घेतलेलं नाही. "हे भुयार थेट पुण्याला निघतं," असं तो म्हणाला की मी विचारते, "तुम्ही जाऊन आलात का?" नवरा तेवढ्यात दोन बुरूज पुढे गेलेला असतो. असली मी. आणि तीच मी गेल्या वर्षी भूमध्य समुद्राकाठच्या एका लहान गावात कानाला माहिती सांगणारं यंत्र लावून दोन दिवस नुसती मान डोलवत फिरले. त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांशी माझा पत्रव्यवहार चालू आहे आणि तो आधीच पुरेसा बिघडलाय.

ते आमच्या नोनाचं गाव. नोना म्हणजे इटालियनमध्ये आजी. सिडनीत, कॅसल हिलला आमच्या शेजारच्या घरात ती राहते, ऐंशी कधीच ओलांडलेली, आणि सगळी गल्ली तिला नोनाच म्हणते. मी निघाले तेव्हा तिने बजावलं होतं, "चर्च बघ, बंदर बघ. आमच्या आळीत जाऊ नकोस, तिथे बघण्यासारखं काही नाही."

गाव देखणं आहे, यात वाद नाही. बंदराच्या तोंडाशी किल्ला. चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला बुरूज. वादळातून वाचलेल्या खलाशांचं चर्च, आत छताला टांगलेली नवसाची लाकडी गलबतं. आणि या सगळ्याच्या मागे कोळ्यांची आळी, तिथल्या एका घराचं आता संग्रहालय केलंय. जाऊ नको म्हटल्यावर मी तिथे गेले, हे सांगायला नकोच.

त्या घरात उंबऱ्याला लागून, जमिनीतल्या दगडातच एक गोल खळगा कोरलेला होता. शेजारी पितळी पाटी: "उपयोग अज्ञात. बहुधा धार्मिक विधीसाठी." कानातलं यंत्र तर आणखी पुढे गेलं. दर्याला वाहायचं तेल यात ओतत असावेत, असं ते भारावलेल्या आवाजात कुजबुजलं. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, चक्क जोडले. नवऱ्याने खळग्याचा फोटो काढला, नशीब माझा नाही काढला.

परत आल्यावर आमच्या मराठी मंडळींच्या महिन्याच्या बैठकीत मी त्या सहलीचा कार्यक्रम ठेवला. कम्युनिटी हॉल, पडदा, चाळीसेक माणसं, मागच्या टेबलावर बटाटेवडे. मी समुद्राला शोभेल अशी निळी साडी नेसले होते. नोनाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिला मराठी कळत नाही, पण गाव तर तिचं होतं.

किल्ला झाला, चर्च झालं, टाळ्या झाल्या. मग मी आवाज खाली आणला. "आणि हा, मंडळी, दर्याला नैवेद्य दाखवण्याचा प्राचीन खळगा!"

नोना उभी राहिली. हातात अर्धा वडा.

"हे माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "तू यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. विधी. तेल. दर्या.

"विधी?" नोना हसली नाही. "हो, रोज सकाळी व्हायचा. लसूण, बदाम, जाडं मीठ. मी मध्ये बोट घातलं की फटका."

हॉल खदखदून हसला. दुसऱ्या रांगेतल्या एक काकू, ज्यांचं आणि माझं तसंही फारसं पटत नाही, मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हा तर खल आहे! फोटोतसुद्धा दिसतोय. स्वतःच्या ओट्यावर ठेवलायस तो काय मग, देव्हारा?"

पुण्याहून येताना मी खलबत्ता उराशी धरून आणलाय. सिडनीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला, तेव्हा त्याला कुटून दाखवायचीही माझी तयारी होती. आणि तीच वस्तू युरोपात दिसली, शेजारी पाटी दिसली, तर माझी अक्कल पाटीखाली लोळण घेते! आपल्या गाईडशी भांडायचं आणि त्यांच्या यंत्रापुढे हात जोडायचे.

घरी येताना गाडीत नोना म्हणाली, "आईचे खांदे दुखायचे. मी तेल लावून द्यायची. आणि तिथे लिहिलंय, कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे ना. मी आहे तोवर मला विचारा. मी गेले की ते खरंच अज्ञात होईल."

त्याच आठवड्यात मी संग्रहालयाला ईमेल लिहिली. नम्र. नवऱ्याने तपासून दोन विशेषणं काढली. उत्तर आलं: आपल्या आस्थेबद्दल आभार, परंतु पाटी तज्ज्ञांच्या मतावर आधारलेली असल्याने बदलासाठी कागदोपत्री पुरावा आवश्यक.

कागदोपत्री! कोळ्याची बायको लसूण कुटताना पावती फाडत होती काय? जिच्या हाताने तो दगड गुळगुळीत झाला, तिची मुलगी जिवंत आहे, बोलते आहे, आणि यांना कागद हवाय! मी हे सगळं नोनाच्या अंगणात, टोमॅटोच्या वाफ्याशी उभी राहून, हातवारे करत बोलले. ती उठली आणि गॅरेजकडे गेली.

गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक काळा लांबट दगड असतो. अकरा वर्षं मी त्याला ठेचकाळते आहे. नोनाने तो दोन्ही हातांनी उचलून आणला. एक टोक खडबडीत, दुसरं तळहातासारखं मऊ.

"खल जमिनीतला, तो कसा आणणार? निघताना बंदरावर आईने हा हातात दिला. म्हणाली, तिकडे दगड असतीलच, खल करून घे." खांदे उडवून ती म्हणाली, "मग मिक्सर आला."

बत्ता! जगाच्या दुसऱ्या टोकाला, गॅरेजच्या दारात!

मी फोटो काढले: टेपसकट, नोनासकट, मऊ टोकासकट. पाठवले. या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, उद्गारचिन्हांनी भरलेलं. बत्त्याचं माप खळग्याशी जुळतंय! हा अनमोल ठेवा संग्रहालयाला दान करावा, तो काचेच्या पेटीत ठेवू. दगड हाती आल्यावर आणि तपासणी झाल्यावर पाटीचा पुनर्विचार करता येईल.

"म्हणजे आधी दगड द्या, मग तुमच्या आईवर विश्वास ठेवू!" मी स्वयंपाकघरात ओरडले. "घर घेतलं, खल घेतला, आता हाही!"

"हळू," नवरा म्हणाला. "शेजारी ऐकतील."

"शेजारीच ऐकतेय!"

नोना टेबलाशीच बसली होती, बत्ता मांडीवर. तिने मला ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तुझा खल दे."

तिने बत्ता नळाखाली धरून बराच वेळ घासला. माझ्या पुण्याच्या खलात तो जरा जाडच पडत होता. तिने लसणाच्या पाकळ्या टाकल्या, मूठभर बदाम, जाडं मीठ, आणि कुटायला लागली. खांद्यातून. दमली की थांबायची, पण मी हात पुढे केला तर माझ्या बोटावर फटका मारायची.

कुटून झाल्यावर तिने मला फोटो काढायला सांगितला. बत्ता न धुता, लसूण लागलेलाच.

"लिही," ती म्हणाली. "पाटी आधी बदला. दगड सध्या वापरात आहे. काम संपलं की कळवते."

मी तसंच लिहिलं. या वेळी नवऱ्याने एकही शब्द काढला नाही.