एका अंगठ्यासाठी कबनूरपर्यंत

कोल्हापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि छातीशी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला व्हिडिओ गेम. अमरावतीपासून तो मी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. समोरच्या बाकावरच्या आजींनी पहाटे न राहवून विचारलं, आत बाळ आहे का. मी म्हणालो, नाही, खेळणं आहे. त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता पन्नाशीला टेकलेला भूगोलाचा मास्तर खेळणं घेऊन अर्धा महाराष्ट्र का ओलांडतो, ते सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ नंदू शिंपी आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याची स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठा वाकेना. डॉक्टर म्हणाले, दुखावलेली शीर आता जागी होते आहे, अंगठ्याला रोज काम द्या, नाहीतर तो असाच आखडून बसेल. त्यांनी दाबायला दिलेला स्पंजचा चेंडू नंदूने दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला. ज्याला कात्री धरता येत नाही तो शिंपी कसला, असं म्हणत भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा मात्र म्हणाला, "आपला तो गेम चालू असता तं दाबत बसलो असतो."

मी त्याच दिवशी माळ्यावर चढलो. कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा तो गेम आम्ही दोघांनी शाळेत असताना हट्ट करून घ्यायला लावला होता. तो सुरूच होईना. गावातल्या दोन मेकॅनिकांनी तो कचऱ्यात टाकायचा सल्ला दिला. शेवटी नंदूच्या दुकानात इचलकरंजीचं कापड घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याने इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या दस्तगीर मिस्त्रींचं नाव सांगितलं.

स्टेशनाबाहेर आधी मिसळ खाल्ली. आम्ही वऱ्हाडी लोक तिखटाच्या बाबतीत स्वतःला फार समजतो. वाढप्याने कट (आपल्याकडची तर्री) हवा का विचारलं तेव्हा मी ऐटीत वाटी पुढे केली. पुढची दहा मिनिटं मी पावाशी आणि पाण्याशीच बोलत होतो. वाढप्या मात्र हसला नाही. त्याने न मागता दह्याची वाटी आणून ठेवली आणि निघून गेला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

डोळे पुसतच स्टँडवर गेलो आणि भलत्याच एसटीत बसलो. अर्धा रस्ता संपल्यावर कंडक्टर म्हणाला, "पावणं, ही गाडी कागलला जातीया. इचलकरंजीला जायचं तर चढतानाच इचारायचं की." सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, पण कागलला उतरून स्वतः मला योग्य गाडीपाशी नेलं आणि खिडकीजवळची जागा धरून दिली. दोन्ही बाजूंना ऊस होता. इतका ऊस मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि लुगड्यातल्या त्या पेटीच्या चिंतेने तो नीट पाहिलाही नाही.

कबनूर आधी ऐकू येतं, मग दिसतं. गल्लीगल्लीत माग (कापड विणायची यंत्रं) चालू होते आणि त्यांच्या खडखडाटात माणसं आरामात गप्पा मारत होती. दस्तगीर मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक जुना डब्बा टीव्ही आणि छतापर्यंत रचलेले मागांचे इलेक्ट्रिक बोर्ड. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. त्यांनी चहा सांगितला, लुगडं सोडलं आणि पेटीचे स्क्रू काढले. मी सवयीने कॅसेट उचलून तिच्यात जोरात फुंकर मारली.

"फुंकू नका," माझा हात धरून ते म्हणाले. "तोंडाच्या वाफेनं पिना गंजत्यात. लहानपणापासनं हेच केलंसा न्हवं?"

केलं होतं. नंदूने आणि मी पाळी लावून केलं होतं. पण खरा गुन्हा पुढेच होता. कॅसेट बसते त्या खाचेतून मिस्त्रींनी चिमट्याने लाल खपली काढली, मग आणखी एक, आणि शेवटी तांदळाचा एक दाणा. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

तो दाणा मी ओळखला. दर खंडेनवमीला आमची आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची. शिलाई मशीन, कात्री, सायकल आणि पोरांचा लाडका म्हणून हा गेम. पाण्याचा शिंतोडा, हळदीकुंकू, वर अक्षता. सगळं भक्तिभावाने त्या खाचेत गेलं होतं.

मी माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटलो. मिस्त्री म्हणाले, यात काय नवल, इथे तर मागांचीही पूजा होते. दसऱ्यानंतरचे आठ दिवस ते बोर्डांमधलं कुंकूच काढत असतात आणि त्यांच्या मते ते वर्षातलं सगळ्यात समाधानाचं काम आहे.

पण खाचेतल्या तीन पिना गंजून तुटल्या होत्या आणि तसल्या पिना आता कुठेही मिळत नाहीत. मिस्त्री टेबलाखालचं भंगार चाळू लागले. मी नंदूचा चेहरा आठवत बसलो आणि रिकाम्या हाताने परत जाऊन काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात त्यांनी मागाचा एक निकामी स्विच फोडला, आतली पातळ पितळी पट्टी कात्रीने कापली आणि दाढीच्या ब्लेडएवढ्या तुकड्यातून तीन पिना घडवल्या. डाख देऊन (सोल्डर करून) त्या खाचेत बसवल्या. कॅसेटच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासल्या. बटण दाबल्यावर पडद्यावर आधी नुसते रंगीत चौकोन नाचले. दुसऱ्यांदा कॅसेट बसवली आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा तो टोपीवाला बुटका माणूस उभा राहिला.

मी उठायला लागलो. मिस्त्रींनी खाली बसवलं.

"मशीन झालं. आता हात सांगा. खेळणार कोण?"

मी नंदूची हकीकत सांगितली. त्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याला फडक्याची घट्ट पट्टी बांधली आणि जॉयस्टिक हातात देऊन उडीचं बटण दाबायला सांगितलं. दाबलं जाईना. मग त्यांनी जॉयस्टिक उघडली, बटणाखालचं कडक रबर काढलं आणि टीव्हीच्या जुन्या रिमोटमधलं मऊ रबर बसवलं. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने मी पुन्हा दाबलं. असं करत तिसऱ्या रबराला बटण हललं. तोपर्यंत मिस्त्रींचा दुसरा चहा निवून गेला होता. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नाही, त्याच्या अंगठ्यासाठी हा माणूस दुपारभर खपला. मला फार भरून आलं आणि ते मी त्यांना सांगितलंही. "बघूया की, हात काय म्हणतोय त्यो," एवढंच ते म्हणाले.

अमरावतीला परतल्यावर शेजारीपाजारी विचारू लागले, अंबाबाईचं दर्शन घेतलंस का, जोतिबाला गेलास का, पांढरा रस्सा प्यायलास का. यातलं काहीच मी केलं नाही. मी एक टेबल पाहिलं, आणि मला गेल्याचं पुरेपूर समाधान आहे.

नंदू भिंतीकडे तोंड करूनच होता. मी गेम जोडला. आवाज ऐकून तो वळला, उठून बसला आणि मी हात पुढे करायच्या आत जॉयस्टिक दोन्ही हातांत घेतली. डाव्या अंगठ्याने तो बुटक्या माणसाला खड्ड्यापर्यंत नेई. तिथे उजवा अंगठा नुसता पडून राही आणि माणूस खड्ड्यात जाई. पाच वेळा, सहा वेळा. मी पडद्याकडे बघणं सोडून त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. आठव्या की नवव्या वेळी तो वाकला. थोडासाच, पण वाकला आणि बटण खाली गेलं. पडद्यावरचा माणूस तेव्हा खड्ड्यात पडून चुकला होता.

"उशिरा दाबल्या गेलं," नंदू वैतागून म्हणाला.

"दाबल्या गेलं ना," मी म्हणालो, आणि बाहीने डोळे पुसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"रडतो कायले," तो म्हणाला. "पुन्हा सुरू कर."