अर्ध्या एकराचा गहू

हार्वेस्टर चालवण्यात त्याचे अठरा हंगाम गेले. लोक त्याला नावाने नाही, मशीनवाला म्हणूनच हाक मारत. चाळीस एकरांच्या सलग शेतात तो यंत्र असं नाकासमोर न्यायचा, की मागे दाणा शोधावा लागे.

लहान तुकडे त्याला नकोसे. तिथे यंत्र कापतं कमी, वळतं जास्त. कोपरे उभेच राहतात, बांधाकडची ओळ चाकाखाली जाते. म्हणून यंत्राच्या मालकाचा नियम होता: आधी मोठी शेतं, तुकडे शेवटी.

त्याच्या थोरल्या बहिणीचा तुकडा अर्ध्या एकराचा. घरचं वर्षाचं धान्य तेवढंच. ती दर वर्षी विळ्याने कापायची. यंदा तिचा खांदा आखडला. “विळ्याला हात लावू नकोस, मी येतो,” असं त्यानेच सांगितलं होतं.

गहू पिकला. तिने फोन केला.

“परवा नक्की, ताई.”

“तुझा परवा कुठल्या महिन्यात येतो रे? कॅलेंडरात तर सापडत नाही.”

तो हसला. एक मोठं शेत संपलं की शेजारचं सुरू होई. अकरा दिवस असेच गेले.

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओंब्या वाऱ्यानेच खुळखुळत होत्या. हात लावला की गहू झडत होता. ताई बांधावर बसली होती.

त्याने यंत्र घातलं. पुढचा फिरता रूळ ओंब्यांना लागला आणि पात्याआधीच दाणे खाली आले. एक फेरी मारून तो उतरला. धसकटांमध्ये मातीपेक्षा गहूच जास्त दिसत होता.

“थांबू का?”

“थांबून काय करशील? उभा ठेवला तरी पडणारच. घाल.”

“चाळीस एकरांत मिळून याच्याहून जास्त सांडतो, ताई.”

“सांडत असेल. त्यांना तो दिसत नाही.”

पाच-सहा गिरक्यांत शेत संपलं. दर साल आठ पोती भरत. यंदा पाचवं निम्म्यावर राहिलं. उरलेला गहू जमिनीच्या भेगांमध्ये गेला होता. ताई भेगेत बोट घालून एकेक दाणा वर काढू लागली. तोही गुडघे टेकून बसला. त्याची बोटं जाड. आत जाईनात.

मालकाचा फोन आला. पुढच्या शेतावर ट्रॉल्या खोळंबल्या होत्या.

“जा,” ताई म्हणाली. मान वर केली नाही.

तो गेला.