अकरातली चार

घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तो राहायचा. जुन्या चांदीच्या नाण्यांची पारख करून किंमत कागदावर लिहून द्यायची, एवढाच त्याचा धंदा. स्वतः एकही नाणं घ्यायचा नाही की विकायचा नाही. सगळे त्याला भिंगकाका म्हणत. लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला सगळं दहापट मोठं दिसतं. कोण टिकणार माझ्यापाशी?" माणसं हसत जिना उतरायची. मग दिवसभर बोलायला कुणी नसायचं.

त्याला एक धाकटी बहीण होती. तीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने आपल्या वडिलांची अकरा नाणी चार पाहुण्यांदेखत त्याच्यापुढे ठेवली. भिंगकाकाने वरची तीन उचलली, कडेवरची साच्याची रेघ दाखवली आणि म्हणाला, "ओतीव आहेत. सगळी खोटी." पाहुणे हसले. मेहुण्याने मुकाट्याने नाणी गोळा केली. त्या दिवसापासून बहिणीचं घर त्याला तुटलं. खरं बोलण्याची ही शिक्षा, असं तो स्वतःला सांगत आला. त्यात थोडी ऐटही होती.

एका दुपारी एक बाई वर आली. तिने नाणी बांधलेला रुमाल सोडला.

"मामा, मी तुमची भाची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई गेल्या महिन्यात गेली. तिच्या कपाटात ही नाणी होती."

त्याने तराजू पुढे ओढला. या वेळी त्याने एकेक नाणं तोललं, कडा बोटाने चाचपल्या, प्रत्येक नाणं टेबलावर वाजवून पाहिलं. सात बद्द वाजली. चार मात्र खणखणीत. त्यांचं वजन बरोबर होतं, कडेचे दातेही स्वच्छ होते. त्यातल्या एकावरचं साल तर फारच क्वचित सापडणारं.

"मी तेव्हा तीनच पाहिली होती," तो म्हणाला. "यातली चार खरी आहेत. चूक माझी."

भाची म्हणाली, "आई बाबांशी भांडायची. म्हणायची, दादा चुकणारच नाही."

"मग आली का नाही गं कधी?"

"बाबा गेल्यावर एकदा निघाली होती. चप्पल घातली, मग परत बसली. म्हणाली, तो मोठा आहे, त्याने यावं."

त्याने किंमत लिहून दिली. चारही नाणी घासू नकोस, घासली की किंमत उतरते, असं बजावलं. तिने पर्स उघडली तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि मान हलवली. ती पाया पडून गेली.

आता तो आलेल्या पिशवीतलं प्रत्येक नाणं दोनदा तोलतो. गिऱ्हाइकं कंटाळून कुरकुर करतात. भाचीचा त्यानंतर दोनदा फोन आला. जेवलात का, असं तिने विचारलं. हो, असं तो म्हणाला. दोन्ही वेळा बोलणं तेवढ्यावरच संपलं.