हुद्द्याप्रमाणे काठी

प्रांतसाहेबाचा हिवाळ्यातला मुक्काम घोडेगावास पडला की आमच्या कचेरीतल्या माणसांच्या पाठी आपोआप वाकत. त्या साली साहेबाने तंबूबरोबर गोल्फ नावाचा खेळ आणला. लांब काठीच्या टोकाला लोखंडी पाते, आणि त्याने लिंबाएवढा पांढरा चेंडू माळावर दूर उडवायचा. साहेबाला जोडीदार मिळेना, म्हणून त्याने कचेरीलाच खेळायला बोलावले. जास्तीची पाती त्याच्याजवळ होती. काठ्या गावच्या सुताराकडून बसवून घ्या म्हणाला.

माझे घरधनी त्या कचेरीतले सर्वांत खालचे कारकून. बोरी बुद्रुकच्या शेतकऱ्याचे पोर, बाभळी तोडून दंड कमावलेले. आम्हाला त्या खेळाशी एरवी काय करायचे होते? पण जुन्नरच्या कचेरीत एक जागा रिकामी होती आणि ती देणे साहेबाच्या हातात होते. जुन्नरला माझी आई एकटी होती. तिची नजर गेली होती, चूल चाचपत पेटवायची. लेकीच्या घरी येऊन राहायला ती तयार नव्हती. बदलीचे साहेबाच्या कानावर घाला, एवढेच मी घरधन्यांना सांगितले होते. लग्न झाल्यापासून मी तोंड उघडून मागितले ते तेवढेच. ते म्हणाले, त्याच्यापुढे उभे राहायला तर मिळू दे.

आता मिळणार होते.

काठीबद्दल साहेबाने सरळ सांगितले होते. ज्याचा हात जोरात फिरतो त्याने ताठ काठी घ्यावी, ज्याचा सावकाश फिरतो त्याने लवणारी. नाहीतर चेंडू भलतीकडे जाईल. यात न समजण्यासारखे काय आहे? आम्ही बायका मुसळसुद्धा आपापला हात बघून उचलतो. सासूचे मुसळ हलके म्हणून सुनेने त्याहून हलके घ्यावे, असे मी कुठे ऐकले नाही. पण महालकऱ्यांनी, म्हणजे आमच्या कचेरीच्या मुख्यांनी, यावर विचार केला. बसायचे आसन हुद्द्याप्रमाणे, तर काठीचा ताठपणाही हुद्द्याप्रमाणेच हवा, असे ठरले. साहेबाची काठी ताठ, म्हणून तिच्या खालोखाल ताठ ती महालकऱ्यांची, बाभळीची. त्यांना खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत. अव्वल कारकुनाची त्याहून जरा लवणारी. असे उतरत उतरत आमच्या घरी आली ती वेताची. उभी धरली तर पात्याच्या भाराने मान डोलवायची.

"ह्यानं मांजर तरी उठंल का?" मी विचारले.

"माझ्या पायरीची हाये," घरधनी म्हणाले, आणि अभिमानाने म्हणाले.

सुताराकडे धामणीच्या लाकडाची एक ताठ काठी उरली होती. ती घ्या म्हटले, तर अव्वल कारकुनाला राग येईल म्हणाले. ती वेताची काठी तेवढी त्यांनी तेल लावून पुसून ठेवली.

खेळाच्या दिवशी आम्ही बायका नदीवर धुणे धूत होतो. माळ तिथून समोरच दिसतो. मी पदर पुढे ओढला आणि त्याच्या आडून सगळे पाहिले. महालकऱ्यांची काठी लवली नाही, तेच लवले. चेंडू कोंबडीच्या पिलासारखा जरा पुढे जाऊन थांबला. सगळ्यांनी वाहवा केली. अव्वल कारकुनाने आपला चेंडू त्यांच्या मागेच राहील अशा बेताने मारला. पुढच्यांनी तसेच केले. इतकी शिस्त कचेरीच्या कामात कोणी पाहिली नसेल.

शेवटी आमचे घरधनी. चेंडू पाहिल्यावर त्यांचा हात पायरी विसरला आणि कुऱ्हाड घातल्यासारखा फिरला. वेत पाठीमागे वाकला, मागाहून आला, आणि चेंडू आडवा उडून माझ्याच पिळून ठेवलेल्या धुण्यात पडला. बायका हसल्या. तो शोधायला साहेब स्वतः आला, घरधनी आले, मागून महालकरी धापा टाकीत आले. मी खाली मान घातली. शब्द मात्र सगळे ऐकले.

"तुझा हात चांगला," साहेब म्हणाला. "काठी वाईट. माझी घे."

आणि त्याने आपली काठी खरोखर पुढे केली. घरधन्यांनी आधी महालकऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग हात जोडले. "नको सरकार. मला हीच बरी."

"मग तुला काय पाहिजे?"

मी हातातले धुणे तसेच धरून बसले.

"सरकारची कृपा असावी," घरधनी म्हणाले.

साहेबाने चेंडू उचलला आणि तो गेला.

घरी आल्यावर मी विचारले, "जुन्नरचं का न्हाई बोलला?"

"महालकरी उभे व्हते. त्यांच्या आदी म्या कसं त्वांड उघडू?"

जुन्नरची जागा खेडच्या एका कारकुनाला मिळाली. त्याने तंबूत जाऊन मागितली, म्हणून मिळाली. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या तोंडात पाणी शेजारणीने घातले.

ती वेताची काठी अजून आमच्या ओटीवर खुंटीला आहे. पाव्हणे आले की घरधनी ती काढून दाखवतात आणि साहेबाने आपली कशी तारीफ केली ते सांगतात. तारीफ हाताची होती. काठीला तो काय म्हणाला, ते पाव्हण्यांना कोणी सांगत नाही. मी आत चहा गाळत असते.